पर्समधला बार आणि डब्यातली उसळ

पत्र

मॅडम, मी कळव्याला राहते आणि ऐरोलीत नोकरी करते. सकाळी सात वीसला घर सोडायचं, ठाण्याला उतरायचं, पूल चढून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची. पावणेएकला डबा खाते. दोन पोळ्या आणि कोरडी भाजी. आमटी एकदा पर्समध्ये सांडली, तेव्हापासून नेणं बंद केलंय. साडेपाचला भुकेने हात थरथरायला लागतात. पूर्वी खाली जाऊन वडापाव खायचे, वर्षभरापासून त्याऐवजी ओट्सचा बार खाते. मुलगा नववीत आहे, फुटबॉल खेळतो. त्याला '२० ग्रॅम प्रोटीन'वालाच बार लागतो, पण तो खाल्ला की पोट गुडगुडतं म्हणतो. ह्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आलंय, म्हणून ते 'नो अॅडेड शुगर' खजुराचा बार खातात. महिन्याला साडेतीन-चार हजार रुपये यात जातात. सासूबाईंचं म्हणणं, 'त्यापेक्षा चिक्की खा.' हे म्हणतात, 'लोकांचे नवरे बारमध्ये पैसे उडवतात, आमच्याकडे बायको उडवते.' सेलमध्ये २४ बारचा खोका घेतलाय, तो अजून निम्मा शिल्लक आहे. रॅपरचा फोटो सोबत पाठवते. हे बार खरंच पौष्टिक आहेत की मी स्वतःची फसवणूक करून घेतेय?
– स., कळवा

उत्तर

प्रिय स.,

तुमच्या यजमानांचा विनोद मी घरी ऐकवला, चांगला हशा पिकला. फक्त त्यांना एवढं विचारा की रोज एक बार ते स्वतःही उडवतात, त्याचं बिल कुणाच्या नावावर लावायचं?

तुम्ही रॅपरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणारे बहुतेक जण पुढची बाजू दाखवतात आणि विचारतात, 'हे चांगलं आहे ना?' पुढची बाजू चांगलीच असते हो. तुमच्या बारच्या पुढच्या चित्रात मध ठिबकतोय, ओट्सचा ढीग आहे आणि बदाम मोजले तर अकरा भरले. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, बदाम ४ टक्के. बार ४० ग्रॅमचा, म्हणजे बदाम झाले १.६ ग्रॅम. एक बदाम साधारण सव्वा ग्रॅमचा असतो. तेव्हा अख्ख्या बारमध्ये तुमच्या वाट्याला येतो एक बदाम आणि दुसऱ्याचा कोपरा.

आता घटकांची यादी बघू. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, जे सगळ्यात जास्त ते आधी. तुमच्या यादीत पहिले आहेत ओट्स, २२ टक्के. वाचून बरं वाटतं. पण दुसऱ्या क्रमांकावर लिक्विड ग्लुकोज, चौथ्यावर साखर, सहाव्यावर इन्व्हर्ट सिरप आणि सातव्यावर मध. चारही साखरेचीच रूपं. एकाच घरातल्या चार भावांनी चार रेशनकार्डं काढावीत, तसा हा प्रकार. वेगवेगळे मोजले तर प्रत्येक जण किरकोळ, आणि ओट्स घरचे कर्ते पुरुष. एकत्र कुटुंब धरलं तर? २२ टक्क्यांच्या हिशोबाने ओट्स भरतात ८.८ ग्रॅम. खालच्या तक्त्यात वरून घातलेली साखर लिहिली आहे ९.२ ग्रॅम. तुम्ही ज्याला ओट्सचा बार म्हणताय त्यात ओट्सपेक्षा साखर थोडी जास्तच आहे.

तक्त्यातले बाकीचे आकडे असे: १७४ कॅलरी, प्रोटीन ४ ग्रॅम, फॅट ६.४ ग्रॅम, फायबर अडीच ग्रॅम. आणि पुढे ठळक अक्षरात 'हाय फायबर' व 'सोर्स ऑफ प्रोटीन'. यात खोटं काही नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार घन पदार्थात १०० ग्रॅमला ६ ग्रॅम फायबर असलं की 'हाय फायबर' म्हणता येतं. 'सोर्स ऑफ प्रोटीन' म्हणायला दिवसाच्या गरजेच्या १० टक्के प्रोटीन १०० ग्रॅममध्ये असलं की झालं. मोठ्या माणसाची गरज ५४ ग्रॅम धरली तर साडेपाच ग्रॅमसुद्धा पुरतं. 'हाय प्रोटीन'लाही याच्या दुप्पट, म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास पुरे. सगळा हिशोब १०० ग्रॅमचा, आणि आपण खातो ४० ग्रॅम. तसं बघायला गेलं तर आपले फुटाणे, १०० ग्रॅमला वीसएक ग्रॅम प्रोटीन घेऊन कागदाच्या पुडीत बसलेले असतात, त्यांच्यावर कुणी काही छापत नाही.

तक्त्यातली आणखी एक गंमत म्हणजे शेवटचा टक्क्यांचा रकाना. वरून घातलेल्या साखरेसमोर १८ टक्के लिहिलंय, कारण दिवसाला ५० ग्रॅम साखर धरून तो आकडा काढायचा असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०१५पासून सांगते आहे की अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमवर आणलीत तर आणखी चांगलं. त्या २५ ग्रॅमच्या मापाने तोच बार ३७ टक्के होतो. त्यात ऑफिसच्या मशीनचा गोड चहा किती होतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुद्दाम विसरलात की काय?

एवढं वाचून बार बनवणाऱ्यांवर चिडू नका. साखर तिथे नुसती चवीसाठी नसते, हे मला स्वतःच्या स्वयंपाकघरात कळलं. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने घरी बार केले होते. ओट्स भाजून घेतले, त्यात बदाम, भोपळ्याच्या बिया, अगदी बेताचा मध. ट्रेमध्ये थापले, सुरीने रेघा मारल्या, सुबक दिसत होते. मे महिना होता. दुपारी क्लिनिकमध्ये डबा उघडला तर आत नुसता भुगा, आणि तळाला मधाचा चिकटा. शेवटी चमच्याने खाल्ला. मागच्या खेपेला मध कमी पडला म्हणून पुढच्या वेळी गुळाचा पाक केला, तर असा दगड झाला की बत्ता घ्यावा लागला. कारखान्यातला बार सहा-सहा महिने मऊ राहतो, तुटत नाही, भुगा होत नाही. ते काम ग्लुकोज सिरप, म्हणजे यादीतलं लिक्विड ग्लुकोज, करतं. ते डिंकासारखं धरून ठेवतं आणि त्याची साखरेसारखी कणी पडत नाही. जोडीला बहुतेक वेळा आयएनएस ४२२ असतं (आयएनएस म्हणजे खाण्यात मिसळायच्या द्रव्यांना दिलेला क्रमांक), म्हणजे ग्लिसरीन, ते ओलावा धरून ठेवतं. पर्समध्ये महिनाभर पडून राहील असा पदार्थ हवा तर त्याला काहीतरी गोंद लागणारच, आणि स्वस्तातला गोंद म्हणजे साखर.

शिवाय हे खाणं मुळात कुणासाठी निघालं तेही बघा. ब्रायन मॅक्सवेल नावाचा कॅनडाचा मॅरेथॉनपटू होता. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात अंगातली शक्ती संपते, तेव्हा पटकन साखर देणारं आणि पळताना खाता येईल असं काहीतरी हवं, म्हणून त्याने कॅलिफोर्नियात १९८६ साली पॉवरबार काढला. त्यात साखर असणं हाच तर मुद्दा होता. ४२ किलोमीटर पळणाऱ्याला ती लागतेच. आपण पळतो ते ठाण्याचा पूल उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटापर्यंत, आणि मग दिघा गाव मागे टाकत ऐरोलीपर्यंत उभे राहतो.

आता तुमचा खरा प्रश्न: साडेपाचला काय खायचं?

वडापावाऐवजी बार खात असाल तर नुकसान काही नाही. वडापाव ३०० कॅलरीच्या आसपास जातो, त्यात तळण आणि मैद्याचा पाव, हा १७४ मध्ये भागतो. पण बार खाऊन पुन्हा ठाण्याला उतरल्यावर काहीतरी तोंडात टाकत असाल (मला तशी दाट शंका आहे, कारण ४ ग्रॅम प्रोटीनवर आणि अडीच ग्रॅम फायबरवर साडेपाचची भूक घरी पोचेपर्यंत थांबत नाही), तर मात्र हिशोब बिघडतो.

त्याच वजनाची दुसरी गोष्ट सांगते. २५ ग्रॅम फुटाणे आणि १५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. दोन्ही मिळून ४० ग्रॅम, तुमच्या बारएवढेच. कॅलरीही जवळपास तेवढ्याच, १७५-१८०. पण प्रोटीन ९ ग्रॅमच्या घरात आणि फायबर अडीच ग्रॅमच्या दुप्पट. वरून घातलेली साखर शून्य. खर्च सात-आठ रुपये. जांभळी नाक्यावरून अर्धा-अर्धा किलो आणा, रविवारी पाच छोट्या डब्यांत वाटून ठेवा. मोठी बरणी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. बरणीत हात गेला की ४० ग्रॅमवर थांबत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आणि सोबत पाणी प्या. पूर्वी दारात आलेल्याला गूळ-शेंगदाणे आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचे, त्यातला तांब्या आपण विसरलोय.

सासूबाईंचं काय? त्या अर्ध्या बरोबर आहेत, पण त्यांना सांगताना जरा जपून सांगा. ३० ग्रॅमच्या शेंगदाणा चिक्कीत साधारण निम्मे दाणे आणि निम्मा गूळ धरला, तर प्रोटीन साडेतीन-पावणेचार ग्रॅम मिळतं, म्हणजे लहानशा तुकड्यात तुमच्या बारइतकं. फॅट दाण्याचं, पाम तेलाचं नाही. पैसेही कितीतरी कमी. पण साखर? गूळ काही वेगळ्या जातीचा नाही, त्यात बहुतांश साखरच असते. म्हणजे १५ ग्रॅम गुळातून १२-१३ ग्रॅम साखर येते, बारपेक्षा जास्त. गुळातून लोह मिळतं वगैरे खरं असलं, तरी १५ ग्रॅममधून मिळून मिळून किती मिळणार? तेव्हा चिक्की हा स्वस्त, देशी आणि जास्त चविष्ट बार आहे. कधीतरी खा, आनंदाने खा. रोजच्या साडेपाचला नको. राजगिऱ्याची वडी आणि खजुराचे लाडू यांनाही हेच लागू.

खजुरावरून यजमानांकडे येते. 'नो अॅडेड शुगर' वाचून ते निर्धास्त झालेत, आणि मला काळजी वाटते ती इथेच. वरून साखर घातली नाही, याचा अर्थ आत साखर नाही असा होत नाही. त्यांच्या बारचं रॅपर घ्या, तक्त्यात 'टोटल शुगर्स'ची ओळ शोधा. खजुरावर बांधलेल्या बारमध्ये तिथे १६ ते २० ग्रॅम सापडलं तर नवल वाटून घेऊ नका. तीन-चार खजूर एका बैठकीत खाल्ल्यासारखंच आहे ते. खजूर काही वाईट नाही, फायबर आहे, पण तीन-चार खजूर ज्याला मोजून खायला सांगू तोच माणूस तेवढाच खजूर रॅपरमध्ये घालून औषध म्हणून खातोय. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ६.१वरून माणूस मागे फिरू शकतो, पण बार बदलून नाही. त्यांना दुपारी फुटाणे, ताक, नाहीतर एक उकडलेलं अंडं द्या. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालायला लावा आणि तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून डॉक्टरांना दाखवा. 'शुगर फ्री' लिहिलेला दुसरा बार आणायचा मोह होईल, तो टाळा. त्याचं कारण पुढे चिरंजीवांच्या पोटात सापडेल.

चिरंजीवांच्या बारचा फोटो तुम्ही पाठवला नाहीत, पण 'पोट गुडगुडतं' म्हटलंत तेव्हाच मी त्यात काय असणार ते ओळखलं. यादीत आयएनएस ९६५ शोधा. ते माल्टिटॉल. साखर न घालता गोडी आणायला जी साखर-अल्कोहोलं वापरतात, त्यांतलं हे एक. नावात अल्कोहोल असलं तरी दारूशी त्याचा संबंध नाही, यजमानांना नवा विनोद सुचायच्या आत सांगून टाकते. ते लहान आतड्यात पुरतं शोषलं जात नाही, तसंच पुढे जातं, तिथले जंतू त्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. जास्त झालं तर जुलाब. म्हणूनच अशा पदार्थांचं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर पाकिटावर तशी सूचना छापावी लागते. एखाद्या कोपऱ्यात ती असेलच. यादीत चिकोरी फायबर किंवा इन्युलिन असेल तर तेही गॅस वाढवतं. आणि माल्टिटॉल रक्तातली साखर अजिबात वाढवत नाही असंही नाही, साखरेपेक्षा कमी वाढवतं, एवढंच. यजमानांना नको म्हटलं ते यासाठी.

राहिला प्रोटीनचा प्रश्न. १३ ते १५ वयाच्या मुलाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रोटीन लागतं. आता तो घरी काय खातो ते मोजू. दोन पेले दूध, १२-१३ ग्रॅम. दोन अंडी, १२ ग्रॅम. पाच पोळ्या, १५-१६. वाटीभर आमटी आणि वाटीभर उसळ मिळून ५० ग्रॅम डाळ-कडधान्य धरलं तर ११-१२. झाले ५० ग्रॅमच्या वर, आणि भात, दही, रविवारचं चिकन किंवा मासे मी धरलेच नाहीत. फुटबॉल खेळतो म्हणून थोडं जास्त लागेल, तेही यात बसलं. वरचे २० ग्रॅम शंभर-सव्वाशे रुपये मोजून कशासाठी? खेळून आल्यावर त्याला आधी पाणी, मग केळं आणि दूध द्या. अंडी-दूध खात नसेल तर गोष्ट वेगळी, मग मला पुन्हा लिहा. 'मित्र खातात' हे कारण असेल, तर त्यावर माझ्याकडे औषध नाही. महिन्यातून दोन बार मैत्रीखात्यात टाकून द्या.

आणि आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात. आमटी सांडली म्हणून नेत नाही.

माझ्या मते सगळं इथून सुरू झालंय. पावणेएकला दोन पोळ्या आणि कोरडी भाजी. त्यात प्रोटीन कितीसं? सात-आठ ग्रॅम. ते पावणेपाच तास पुरणार कसं? साडेपाचला हात थरथरतात ते बार विसरल्यामुळे नाही, दुपारी जेवणच अपुरं झालंय म्हणून. (ही थरथर पोटभर जेवूनही राहिली तर रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, अंगावर काढू नका.) आमटी सांडते, उसळ सांडत नाही. मोड आलेल्या मटकीची, मुगाची, चवळीची घट्ट उसळ करा, सुकीच, वर ओलं खोबरं. झुणका न्या. पालेभाजी असेल त्या दिवशी त्यात मूठभर डाळ घाला, आपल्याकडे डाळमेथी काय उगीच होते? भाजी फ्लॉवर-बटाट्याची असेल तर सोबत फिरकीच्या झाकणाच्या छोट्या डबीत दही न्या. अंडं चालत असेल तर सकाळी चहाच्या शेजारच्या शेगडीवर दोन उकडायला टाका. उसळीची वाटी वाढली की साडेपाचच्या डबीतले फुटाणेही कधी कधी घरी परत येतील, बघा.

सकाळी सात वीसला निघणाऱ्या बाईला हे सगळं करायला वेळ कुठे, असं तुम्ही म्हणाल, आणि ते अगदी रास्त आहे. तुमच्या घरात तीन खाणारे आणि एक सल्ला देणाऱ्या सासूबाई आहेत. मटकी भिजत घालणं, मोड आणणं आणि फुटाण्यांच्या डब्या भरणं ही कामं नववीतल्या मुलाला आणि नवऱ्याला जमतील. चार हजारांतले तीन वाचणार आहेत, त्यातून त्यांना काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

उरला खोका. बारा बार फेकून द्यायचे नाहीत. एक पर्समध्ये ठेवा, तो पावसात गाडी कळव्याच्या आधी अडकून पडते त्या संध्याकाळसाठी. एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, मीटिंग लांबली आणि डबा तसाच राहिला त्या दिवसासाठी. असल्या वेळी बारसारखी सोय नाही, मी स्वतः पर्समध्ये एक ठेवते. बाकीचे दहा मुलाच्या सामन्याच्या दिवशी टीमला वाटून टाका, तासभर पळालेल्या पोरांना ती साखर चालते. मुदतीची तारीख मात्र आधी बघून घ्या, सेलमधला माल बऱ्याचदा मुदत जवळ आलेलाच असतो. आणि पर्समधला बार महिन्याने बदला, कारण विसरलेला बार उन्हाळ्यात काय होतो ते आमटीपेक्षा वाईट असतं.